मिळेल ते काम आणि संकल्पाचा उद्योग

(मंडळाच्या भोसरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. ज्याचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले, ज्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि ज्याने उभ्या जन्मात एका रुपयाचा व्यापार केला नाही, अशा सेवानिवृत्त शिक्षकाने उद्योगधंद्यावर बोलावे, हे पोहता न येणाऱ्याने काठावरून हातवारे करण्यासारखे आहे. परंतु मागाहून विचार केला, की शिक्षकास एक गोष्ट तरी निश्चित येते आणि ती म्हणजे बेरीज-वजाबाकी. आज जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी बेरीज-वजाबाकीचेच आहे. म्हणून हे धाडस करीत आहो.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वधूवर-परिचय पुस्तिकेचे हस्तलिखित तपासण्याचे काम आमच्याकडे होते. त्यात भोसरीतील एका तरुणाचे पत्रक होते. आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण घेतलेला, निर्व्यसनी, स्वतःचा लेथ असलेला मुलगा. परंतु ‘व्यवसाय’ या शब्दापुढील जागा त्याने कोरी सोडली होती. चुकून राहिले असेल असे समजून आम्ही त्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, “काय लिहू, गुरुजी? नोकरी म्हणावी तर नोकरी नाही, कारखाना म्हणावा तर कारखाना नाही. मिळेल ते काम करतो, एवढंच लिहा.”

बंधुभगिनींनो, ते शब्द आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत. आपल्या लोहार-सुतार समाजातील किती घरांची हकीकत त्या चार शब्दांत सामावली आहे! कोणी वेल्डिंग करतो, कोणी लाकडी फर्निचर करून देतो, कोणी घरी बसून संगणकावर यंत्रभागांचे नकाशे काढून देतो, कोणी दुसऱ्याच्या मालावर आपल्या यंत्राने काम करतो. कसब सर्वांपाशी आहे, कष्टांची कसूर नाही. तरी वर्षाअखेर शिल्लक काय असे विचारले, तर उत्तर एकच मिळते, की चालले आहे. हे ‘चालले आहे’ आणि ‘चालवीत आहो’ यांतील अंतर हाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम आपण ज्या भूमीवर बसलो आहो तिच्याकडे पाहू. पुणे-नाशिक रस्त्यावरील भोसरी हे एके काळी शेतीचे गाव होते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच दशकात टेल्को व बजाज ऑटो यांसारखे वाहनांचे मोठे कारखाने या परिसरात आले. १९७० साली या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. मोठ्या कारखान्यास सुटे भाग लागतात. ते पुरविण्यास मध्यम कारखाने निघाले. मध्यम कारखान्यास काही कामे बाहेरून करून घेणे परवडते. त्यासाठी लहान कारखाने निघाले. आणि त्या लहान कारखान्यांच्याही मागे भाड्याच्या शेडमध्ये एक लेथ आणि एक माणूस उभा राहिला. वाड्यावस्त्यांवरून आलेली आपली माणसे बहुधा या शेवटच्या पायरीवर आहेत. जॉबवर्क असे त्याचे नाव. कच्चा माल गिऱ्हाइकाचा, नकाशा गिऱ्हाइकाचा, मुदत गिऱ्हाइकाची आणि पुष्कळदा दरही गिऱ्हाइकानेच ठरविलेला. आपले काय? तर शेडचे भाडे, विजेचे बिल, हत्यारांची झीज आणि घाम.

या स्थितीचे मूळ केवळ भोसरीत नाही. ते आपल्या गावगाड्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे वर्णन आले आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी तर ती डोळ्यांनी पाहिली आहे. सुताराने नांगर करावा, लोहाराने फाळ करावा, गाडीच्या चाकास धाव चढवावी, विळ्या-कुऱ्हाडीस पाणी द्यावे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन बलुते मागावे. कामाची मोजदाद नाही, दर नाही, वेळेचा हिशेब नाही. पीक बुडाले तर बलुते बुडाले. त्या व्यवस्थेत पोटास भाकरी होती हे खरे, परंतु आपल्या कामाची किंमत आपण सांगावी ही सवय मात्र आपल्या हाडीमाशी कधी रुजली नाही. बलुतेदारी जाऊन पिढ्या लोटल्या. मागणाऱ्याचा संकोच मागे राहिला. आजही आपला कारागीर गिऱ्हाइकास विचारतो, “तुम्हीच सांगा साहेब, काय द्याल ते!” हे बलुतेदाराचे बोलणे आहे, उद्योजकाचे नव्हे.

आता याच नांगराची दुसरी हकीकत ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. म्हणजे ते आमच्याच पेशाचे, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्यांच्या घराण्याचा धंदा बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. १८८८ हे त्याचे आरंभवर्ष मानले जाते. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या, लोकांस चालविण्यास शिकवाव्या, असा तो उद्योग होता. लक्ष्मणराव तेथेच थांबते, तर बेळगावातील एक हुशार दुकानदार म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांनी शेतकऱ्याची गरज पाहून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करण्याचे ठरविले. १९०३ साली पहिला नांगर तयार झाला. तो कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि आरंभीचे मोजके नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. तेव्हा लक्ष्मणरावांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते.

या हकीकतीत आपल्या समाजाने विचार करावा असे एक स्थळ आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक गावात नांगर करणारे हात आपले होते. नांगर कोठे झिजतो, फाळ कोणत्या कोनात बसवावा, कोणत्या जमिनीस किती जड नांगर लागतो, हे ज्ञान शतकानुशतके आपल्या घरांत होते. तरीही नांगराचा कारखाना आपल्यातून निघाला नाही. तो चित्रकला आणि यंत्रविद्या शिकलेल्या एका शिक्षकाने काढला. यात खंत करण्यापेक्षा कारण शोधावे हे बरे. शिक्षण आणि भांडवल यांचा अभाव हे एक कारण आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसरेही कारण आहे. आपला कारागीर ‘आज कोणाचा नांगर मोडला’ याची वाट पाहत बसला. लक्ष्मणरावांनी ‘आपण नांगरच करावयाचा, आणि तो सर्वांसाठी करावयाचा’ असे मनाशी ठरविले. शंभूराव जांभेकर यांच्यासारखा कल्पक कारागीर आणि मंगेशराव रेगे यांच्यासारखा हिशेब व कारभार पाहणारा मनुष्य त्यांनी जवळ केला. सर्वच गोष्टी आपल्या एकट्याच्या हातून व्हाव्या असा हट्ट धरला नाही. कसबास संकल्पाची जोड मिळाली की त्याचा उद्योग होतो.

संकल्प हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. आपल्या घरी सत्यनारायणाची पूजा असली, तरी गुरुजी प्रथम हातात पाणी देऊन संकल्प करवितात. स्थळ कोणते, दिवस कोणता, करणारा कोण आणि हेतू काय, हे उच्चारल्यावाचून पूजा सुरू होत नाही. मग ज्या कामावर संसार उभा करावयाचा, ते काम मात्र आपण संकल्पावाचून वर्षानुवर्षे करीत राहावे, हे कसे?

आता आमच्या घरचा अनुभव सांगतो, कारण त्यात आमचीही चूक आहे. आमचा पुतण्या टर्नर आहे. काही वर्षे त्याने कंत्राटी नोकरी केली. नंतर एक जुना लेथ घेऊन भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये कामास लागला. त्याने सल्ला विचारला, तेव्हा आम्ही वडीलकीच्या नात्याने सांगितले, “बाबा रे, दारी आलेल्या कामास नाही म्हणू नये.” त्याने आमचे शब्द शिरोधार्य मानले. आलेले प्रत्येक काम तो घेत गेला. हळूहळू एका गिऱ्हाइकाचे काम इतके वाढले की इतर गिऱ्हाइके सुटली. पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्र चाले. गुरुवारी भोसरीतील कारखान्यांची सुटी. त्या दिवशीही तो मालाची ने-आण करी. आम्ही चारचौघांत सांगत असू, की आमच्या पुतण्यास श्वास घेण्यास सवड नाही. त्यास आम्ही भरभराट समजत होतो!

पुढे त्या गिऱ्हाइकाने तो भाग वापरणेच बंद केले. काम थांबले आणि मागील तीन महिन्यांचे पैसेही अडकले. एके दिवशी पुतण्या आमच्या घरी आला. बराच वेळ खाली मान घालून बसला आणि म्हणाला, “काका, तुमच्या फंडातले लाखभर रुपये द्याल का? लेथ विकायची पाळी आली आहे.” घरात पैसे होते. परंतु पैसे देण्यापूर्वी आम्ही शिक्षकी खाक्याप्रमाणे त्यास म्हटले, “हिशेबाची वही घेऊन ये.” तो म्हणाला, “वही कुठली, काका? सगळं डोक्यात आहे.” ज्या मुलास आम्ही स्वतः अंकगणित शिकविले, त्याचे हे उत्तर ऐकून आम्हांस आमच्याच शिकविण्याची लाज वाटली.

मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खरे आकडे त्याच्या घरचे आहेत, ते सांगणार नाही; परंतु रीत समजावी म्हणून गोल आकडे घेतो. समजा, शेडचे भाडे महिना ९,००० रुपये, वीज ४,०००, हत्यारे-तेल वगैरे ३,०००, यंत्राच्या झिजेसाठी बाजूस ठेवावयाचे २,५०० आणि टर्नर म्हणून स्वतःचे वेतन २०,०००. एकूण झाले ३८,५००. महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला तर तासास सुमारे १८५ रुपये खर्च येतो. आपला कारागीर तासास २०० रुपये लावतो आणि समजतो की तासामागे १५ रुपये सुटले.

परंतु यंत्र खरोखर २०८ तास चालते काय? माल आणावयास जाणे, चलन करणे, नकाशा समजून घेणे, हत्यार बसविणे, तपासणीसाठी गिऱ्हाइकाच्या दारात थांबणे, पैशांसाठी फेऱ्या मारणे, या साऱ्यांत वेळ जातो. प्रत्यक्ष यंत्र चालण्याचे तास १२० भरले तरी पुष्कळ. आणि पैसे मिळतात ते याच १२० तासांचे. आता भागाकार करा. तासाचा खर्च सुमारे ३२१ रुपये होतो! दोनशेच्या दराने महिन्याची मिळकत २४,०००. त्यातून भाडे, वीज, हत्यारे यांचे १६,००० गेले. उरले ८,०००. त्यातील २,५०० यंत्राच्या झिजेचे आहेत, ते आपले नव्हेत. म्हणजे वीस हजारांच्या योग्यतेचा कारागीर साडेपाच हजारांवर राबतो, आणि जो जो जास्त राबतो तो तो आपले यंत्र आणि आपले शरीर स्वस्तात विकतो.

तो कागद पाहून पुतण्या बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, “काका, म्हणजे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाला उलट मदतच करत होतो की!” आम्ही म्हटले, “तू एकटा नव्हेस. दारी आलेल्या कामास नाही म्हणू नकोस असे सांगणारे आम्हीही त्यात होतो.”

लाख रुपये आम्ही दिले. परंतु ते जुने खड्डे बुजविण्यास नव्हे, तर काही अटी ठरवून दिले. त्या अटी आमच्या एकट्याच्या नाहीत. पुतण्या, त्याची पत्नी आणि आम्ही अशा तिघांनी त्या मिळून लिहिल्या. त्या येथे सांगतो, कारण आमच्या मते संकल्प म्हणतात तो हाच.

पहिली गोष्ट, घर आणि धंदा यांचे पैसे वेगळे. धंद्याचे बँकखाते निराळे काढावे, आणि मालकाने त्यातून दरमहा ठरलेले वेतन घ्यावे. गल्ल्यात हात घालून किराणा आणण्याची सवय जाईपर्यंत धंद्यास नफा होतो की तोटा, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, दर आपण काढावा. वर सांगितलेला हिशेब दर सहा महिन्यांनी करावा, त्यात नफ्याचा अंश मिळवावा आणि गिऱ्हाइकापुढे लेखी ठेवावा. तो परवडत नसेल तर नम्रपणे नमस्कार करावा. पुतण्याने प्रथम दर सांगितला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने घासाघीस करून मान्य केला.

तिसरी गोष्ट, आपण काय करणार आणि काय करणार नाही हे ठरवावे. पुतण्याच्या लक्षात आले, की कारखान्यातील एखादे जुने यंत्र बंद पडले, त्याचा शाफ्ट किंवा बुश झिजला, की तेथील देखभाल करणाऱ्या माणसास तो भाग त्याच दिवशी हवा असतो. हजारो नग स्वस्तात करून देणारे पुष्कळ; एकच नग, अचूक आणि वेळेवर करून देणारे थोडे. त्याने हेच काम आपले म्हणून निवडले. यात आणखी एक दूरदृष्टी आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीस इंजिन नसते. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. केवळ इंजिनाच्या भागांवर अवलंबून असणाऱ्यांनी पुढील दहा वर्षांचा विचार आजच केला पाहिजे. यंत्रांची झीज मात्र कोणत्याही युगात थांबणार नाही.

चौथी गोष्ट, एका गिऱ्हाइकाचे काम निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये. एकच गिऱ्हाईक असणे म्हणजे नोकरीच होय. फक्त तीत रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि पहिल्या तारखेस पगारही नाही.

पाचवी गोष्ट, कागद चोख ठेवावा. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती करण्यास शुल्क लागत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ सालच्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन घातले. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ, व्याज लावले आणि तक्रारीसाठी सुविधा परिषदेची सोय केली. पुढे २०२३ सालच्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही तरतूद झाली. असे देणे मुदतीत दिले नाही, तर देणाऱ्यास प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळू नये, असे तिचे स्वरूप होते. परंतु ज्याच्यापाशी लेखी ऑर्डर नाही, चलन नाही, नोंदणी नाही, त्यास कायदा कोठून हात देणार? आणि एकाच गिऱ्हाइकावर पोट असेल, तर हक्क असूनही तोंड उघडत नाही. म्हणून पाचवी गोष्ट चौथीवर उभी आहे.

जागेच्या कागदांविषयीही हेच. २०२५ च्या फेब्रुवारीत येथून जवळच, चिखली-कुदळवाडी भागात, महानगरपालिकेने हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्यांत गोदामे होती, तशा लहान कारखानदारांच्या शेडही होत्या. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु थोडे भाडे वाचते म्हणून कागद नसलेल्या छपराखाली आयुष्याची पुंजी ठेवू नये, एवढा बोध आपण घ्यावा.

सहावी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे दुसरा माणूस तयार करावा. आपल्या कारागिरास वाटते, माझ्यासारखे काम दुसऱ्यास जमणार नाही. हा अभिमान रास्त आहे, पण तोच पायांतील बेडी होतो. जोपर्यंत काम केवळ आपल्या हातांत आहे, तोपर्यंत आपल्या तापाबरोबर धंद्यास ताप येतो आणि आपल्या म्हातारपणाबरोबर धंदा म्हातारा होतो. शिक्षक म्हणून आम्ही एवढे सांगू शकतो, की शिकविल्याने विद्या कमी होत नाही. पुतण्याने मराठवाड्यातून आलेला एक होतकरू मुलगा हाताखाली घेतला. पहिल्या महिन्यात त्या मुलाने तीन नग बिघडविले. पुतण्या संतापून आमच्याकडे आला. आम्ही त्यास त्याच्या तिसरीतील गणिताच्या वहीची आठवण दिली. तो हसला आणि परत गेला.

यात आमच्या सूनबाईंचा वाटा सांगितला नाही तर आम्ही कृतघ्न ठरू. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. परंतु लग्नानंतर तिची विद्या स्वयंपाकघरात पडून होती. आज बिले, जीएसटीचा हिशेब, येणे-देणे सारे तीच पाहते. तिलाही धंद्यातून वेतन मिळते, ही अट तिने स्वतः घातली. आम्ही प्रथम चकित झालो; नंतर लक्षात आले, की सहा अटींचा अर्थ आम्हां तिघांत तिलाच सर्वांत चांगला कळला आहे.

या साऱ्याचे फळ काय, असे आपण विचाराल. तो लक्षाधीश झाला असे आम्ही सांगणार नाही, कारण ते खरे नाही. दोन वर्षे ओढग्रस्तीची गेली. अटी पाळताना दोन जुनी गिऱ्हाइके दुरावली. अडकलेल्या पैशांपैकी काही आले, काही आलेच नाहीत. परंतु आमचे लाख रुपये हप्त्याहप्त्याने परत आले. आणि गेल्या ज्येष्ठात पुतण्या माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पुणे आणि पुढे सासवडपर्यंत चार दिवस चालला. भोसरीपासून आळंदी हाकेच्या अंतरावर. पण शेड सुरू केल्यापासून त्यास वारीत पाऊल टाकता आले नव्हते. त्या चार दिवसांत शेड बंद नव्हती. फोन केवळ दोनदा आला. आमच्या अल्पमतीप्रमाणे उद्योगाची खरी कसोटी हीच. मालक चार दिवस नसतानाही जे चालते ते उद्योग. मालक उठताच जे थांबते ते काम.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, प्रत्येकाने कारखानदारच व्हावे काय? मुळीच नाही. एकट्याने, आपल्या मर्जीने, सुबक काम करणारा कारागीर हे समाजाचे भूषण आहे. नोकरी करणाराही कमी नाही. आम्ही जन्मभर नोकरीच केली. आमचे म्हणणे इतकेच, की जे करावयाचे ते ठरवून करावे. एकटे राहावयाचे तर तेही हिशेब करून, आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद करून राहावे. न ठरविता वाहत जाणे, आणि त्यास नशीब म्हणणे, हे मात्र आता पुरे.

आता शेवटी आपल्या मंडळाकडे तीन मागण्या करतो. पहिली, महिन्यातील एका गुरुवारी, जेव्हा भोसरीतील यंत्रे विसावतात, तेव्हा मंडळाच्या जागेत हिशेबाचा वर्ग चालवावा. शिकविण्यास आम्ही विनामूल्य येऊ. सूनबाईही येण्यास तयार आहे. दुसरी, कोणापाशी कोणते यंत्र आहे आणि कोण कोणते काम उत्तम करतो, याची यादी पुढील स्मरणिकेत छापावी, म्हणजे एकास न जमणारे काम दुसऱ्या बांधवाकडे जाईल. तिसरी मागणी सर्वांत नाजूक आहे. आपल्या मुली देताना आपण अद्याप ‘नोकरी आहे ना?’ एवढेच विचारतो. स्वतःच्या पायांवर उभ्या असणाऱ्या मुलास आपणच कमी लेखू लागलो, तर त्याने कोणत्या बळावर दर सांगावा? मुलीच्या वडिलांनी पगाराचा कागद मागावा तसा मुलाच्या धंद्याचा ताळेबंद अवश्य मागावा. परंतु तो नीट असेल तर निःशंक मनाने मुलगी द्यावी.

ज्या तरुणाच्या पत्रकापासून आम्ही आरंभ केला, त्याची कोरी जागा आम्ही त्या वेळी कोरीच छापू दिली. काय लिहावे ते आम्हांसही सुचले नाही. पुढील पुस्तिकेचे काम येत्या महिन्यात सुरू होईल. तो तरुण आज या सभेस आला असेल, तर त्यास आमची विनंती आहे, की येत्या गुरुवारी वही घेऊन आमच्याकडे यावे. आपण दोघे बसून तासाचा दर काढू आणि मग त्या कोऱ्या जागेत काय लिहावयाचे ते त्याने स्वतः ठरवावे.

 आपल्या हातांतील कसबास प्रभू विश्वकर्मा संकल्पाचे बळ देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.